आईनं वाचायचं नसतं

तान्हा झाहारी दुपारी झोपत नाही, ही रादोस्तिनाची चिंता होती. तो झोपला की श्वास चालू आहे ना, ही दुसरी. पहिलं मूल, त्यात शिकलेली आई, त्यामुळे तिला एका वेळी एकच काळजी करायला कधी जमलंच नाही.

सोफिया शहरातल्या एका प्रकाशकासाठी ती जुन्या इंग्रजी शब्दांचा कोश तपासत होती. प्रत्येक शब्दासमोर बल्गेरियन प्रतिशब्द. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, लाझारच्या शनिवारी दुपारी झाहारी मांडीवर किंचाळत असताना ती नेमकी सवयी आणि रीतिरिवाजांच्या पानावर आली. आपला आवाज आपल्याला तरी ऐकू यावा म्हणून ती मोठ्यानं वाचू लागली.

"वोंट... ओबिचाय. थ्यू... न्राव. हॉन्ट... प्रिविच्का. यूझन्स... आदेत."

झाहारी गप्प झाला. डोळे मिटले. रादोस्तिनानं घाबरून त्याच्या नाकापाशी आरसा धरला. आरशावर वाफ धरली. तो नुसता झोपला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं झाडांच्या नावांचं पान वाचून पाहिलं. पोरगं टक्क जागं. पुन्हा 'वोंट' म्हटलं, तसं पेंगलं. मग ते रोजचंच झालं.

खिडकीखाली बाकावर त्सोनाआजी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली असे. गल्लीत कुणाकडे काय शिजतं, हे तिला झाकण उघडायच्या आधी कळायचं. तिनं आपला पणतू आणून खिडकीखाली धरला. तोही झोपला. त्यानंतर आठवड्याभरात त्र्यावना गावातल्या त्या गल्लीतली सगळी तान्ही पोरं दुपारी रादोस्तिनाच्या पुढच्या खोलीत येऊ लागली.

सासूबाई नेद्याल्का लसणाची पाकळी घेऊन आल्या आणि कोशाच्या त्या कागदाला लाल लोकर बांधू लागल्या.

"हे कशाला, आई?"

"अगं, बांधतात."

"कोण बांधतं? हे मी लाझारच्या शनिवारी सुरू केलंय."

"तू सुरू केलंस म्हणून काय झालं? त्याआधी नव्हतं की काय?"

मग खिडकीकडे तोंड करून वाचायचं ठरलं. 'थ्यू' आलं की थू थू थू करायचं ठरलं, आणि बायका ते इतक्या मनापासून करत की पुढच्या रांगेतल्या बाळांची तोंडं पुसावी लागत. रादोस्तिनाचा नवरा यावोर लाकडावर कोरीवकाम करायचा. त्यानं कागद ठेवायला द्राक्षवेलीच्या नक्षीचं स्टँड कोरून दिलं.

"तूसुद्धा?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत! त्सोनाआजी म्हणाली, तुझ्या आजोबांनी केलेलं मोडलंय, नवीन कर."

मे महिन्यात, सेंट जॉर्जच्या सणाच्या दिवशी मात्र कहर झाला. रादोस्तिना कागद घेऊन बसली, तेवढ्यात त्सोनाआजीनं तिच्या हातावर हात ठेवला.

"पोरी, तू बाहेर बस. आईनं वाचायचं नसतं."

"पण आजी, रोज मीच वाचते!"

"म्हणूनच तर. इतके दिवस भिडेपोटी कुणी बोललं नाही तुला."

"त्याला माझ्या आवाजाची सवय आहे हो!"

"हीच तर चूक झाली," सासूबाई हळहळल्या. "चल, बाकावर बस. घराकडे पाठ कर. मागं वळून बघायचं नाही."

रादोस्तिना बाकावर बसली. आत त्सोनाआजी सुरू झाली. इंग्रजी अक्षर तिनं जन्मात वाचलं नव्हतं, पण सगळं तोंडपाठ होतं. एकेक पोर पेंगू लागलं. झाहारी सोडून. तो असा टाहो फोडत होता की समोरच्या छपरावरची मांजर उठून गेली.

रादोस्तिनाला पाठमोरी असूनही सगळं दिसत होतं. आता तो लाल झाला असेल. आता श्वास अडकला. आता खोकला. आता... आता आवाज का नाही? आला. देवा, आला.

"रडू दे गं!" खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "घरचं मूल रडतंच. पूर्वीपासून आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. झाहारीच्या डोळ्यांखाली म्हाताऱ्यासारखी वर्तुळं आली. रादोस्तिनानं हे कधी सुरू झालं त्या तारखा सांगून पाहिल्या, डॉक्टरांचं नाव घेऊन पाहिलं, रडूनही पाहिलं. बायकांनी तिला ताक दिलं.

चौथ्या दुपारी टाहो सुरू झाला, तशी ती उठली आणि थेट दारात जाऊन उभी राहिली. त्सोनाआजी 'हॉन्ट'वर अडकली.

"माझ्या माहेरी, दोब्रुजात," रादोस्तिना म्हणाली, "घरचं मूल असं सलग रडलं, तर आईला उंबऱ्यावर बसवतात. एक पाय आत, एक बाहेर. उजवा पाय अनवाणी. आणि ती खालून वर, उलटं वाचते."

असलं काही दोब्रुजात कुणी ऐकलं नव्हतं. तिनंही आत्ताच ऐकलं होतं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झाहारीनं दम घेतला. त्सोनाआजीनं तोंडातली बी थुंकली.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझी आजी असंच सांगायची. मीच मेली विसरले."

"आमच्याकडे तर चुलीची राखही लावतात त्या पायाला," मागून कुणीतरी म्हणालं.

राख आली. रादोस्तिनानं बूट काढला, उंबऱ्यावर बैठक मारली आणि झाहारीला छातीशी घेतलं. तो तापलेला, ओलाचिंब होता आणि हुंदके देत होता.

"आदेत... यूझन्स. प्रिविच्का... हॉन्ट. न्राव... थ्यू."

थू थू थू, बायका म्हणाल्या.

"ओबिचाय... वोंट."

झाहारीची मान तिच्या खांद्यावर पडली. तिनं कानानंच त्याचा श्वास तपासला. एक, मग दुसरा. गाढ.

सासूबाई पावलं न वाजवता आल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या.

"सगळं छान केलंस, सूनबाई. पण पाय डावा असतो."

रादोस्तिनानं तोंड उघडलं. झाहारी झोपेत हलला.

तिनं दुसरा बूट काढला.