हात पाठीमागे

"बाबा, ब्रेक!" लेक ओरडली आणि तिनेच पुढे झेप घेतली. चाकांची खुर्ची सर्रकन मागे गेली होती आणि आई धड पलंगावर नाही, धड खुर्चीत नाही, अशी बाबांच्या हातांत लोंबकळत होती. लेकीने खुर्ची पायाने अडवली, आईला कमरेत धरून वळवलं आणि बसवलंसुद्धा.

"झालं," बाबा मान खाली घालून म्हणाले. "मला नाही जमायचं हे."

आता गंमत बघा. ही लेक इस्पितळातल्या नव्या कामगारांना हेच तर शिकवायची, आजारी माणसाला उठवायचं कसं, बसवायचं कसं. तिथे तिचा पहिला नियम असा, की शिकवणाऱ्याने हात पाठीमागे ठेवायचे. समोरच्याचं चुकलं तरी काम हिसकावून घ्यायचं नाही. आपणच करत राहिलो तर तो नुसता बघायला शिकतो! आणि इथे आठवडाभरात बाबांना तिने एकदाही पुरतं करू दिलं नव्हतं.

उद्या तिची रजा संपत होती. आईचं डावं अंग लुळं पडल्यापासून भाऊ म्हणत होता, दोघांचं घरात निभणार नाही, आईला शुश्रूषागृहात ठेवू. बाबांना जमलं तर आई घरी राहणार, नाहीतर परवा तिला न्यायला गाडी येणार होती.

"तिथेही असंच शिकवतेस होय गं?" आईने विचारलं. "आणि पगार देतात तुला?"

लेकीला हसू आलं आणि लाजही वाटली. तिने आईला परत पलंगाच्या कडेला बसवलं, दोन पावलं मागे टाकली आणि पाठीमागे स्वतःचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, ट्रकला जॅक लावायच्या आधी काय करायचात तुम्ही?" बाबांचा जन्म गॅरेजात गेला होता.

"चाकाला दगड. हे काय विचारणं झालं? दगड न लावता जॅक लावणारा..." ते थांबले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, वाकून दोन्ही ब्रेक दाबले आणि खुर्ची हलवून बघितली. बोलायला लेकीची जीभ नुसती वळवळत होती.

"मग?" बाबांनी विचारलं.

"मग तुम्हीच सांगा."

"हिचे पाय टेकलेत का बघणार. गुडघे वाकवणार, पाठ नाही. मग..." बाबा चाचरले.

"मग मला धरा," आई म्हणाली. "लाजताय काय एवढे? पोरगीच आहे आपली."

तिने चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकला. "एक, दोन..." बाबांचा पाय किंचित सरकला. लेकीने मनगट आणखी आवळलं. पण त्यांनीच पाय रोवला. "तीन!"

आई उभी राहिली. तिची हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली होती. दोघांना इतकं जवळ लेकीने कधी पाहिलंच नव्हतं.

"वळू?"

"थांबा हो जरा. किती दिवसांनी उभी राहिलेय."

मग त्यांनी तिला अलगद खुर्चीत बसवलं.

गाडी नको, हे भावाला कळवायला लेक बाहेर आली. मनगटावर नखांचे वळ उठले होते. तिला फार आनंद झाला होता आणि उगाच रडूही येत होतं.

"परत एकदा करूया?" आत बाबा विचारत होते.

"अहो, मी काय ट्रक आहे?"

दोघं हसली. थोड्या वेळाने 'एक, दोन' ऐकू आलं. तिला मात्र कुणी हाक मारली नाही.