फळीवरच्या गोळ्या

गल्लीत मला सगळे 'अर्धे डॉक्टर' म्हणतात. पंचवीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुशारून जायचो. आता कुणी तशी हाक मारली की मान वर होत नाही.

दादाची पाठ दुखायला लागली तेव्हा मी म्हणालो, वय झालं. दादा सुतार, जन्मभर वाकून रंधा मारलेला. मग बारीक ताप यायला लागला. वहिनी म्हणाली, इस्पितळात नेऊ या. मी तिलाच झापलं, घरात मी असताना इस्पितळ कशाला? फळीवरून अँटिबायोटिकची पट्टी काढून दिली. ना चिठ्ठी, ना तपासणी. ताप उतरायचा, परत यायचा, मी परत पट्टी काढायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

महिन्याभरात दादाला कूसही बदलता येईना. शेवटी वहिनीने माझं काही एक न ऐकता त्याला हलवलं. एमआरआयमध्ये दिसलं, दोन मणक्यांच्या मध्ये जंतुसंसर्ग झालाय. तो आत पसरला तर पाय जातील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जंतू कोणते ते कळायला पाठीत सुई घालून नमुना घ्यायचा होता. आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का, असं त्यांनी विचारलं. वहिनी फॉर्म भरायला गेली होती. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"नाही," दादा म्हणाला.

प्रयोगशाळेत नमुन्यातून कुठलेच जंतू वाढले नाहीत. बाई म्हणाल्या, मग मणक्याचा क्षयच धरू आणि त्याचीच औषधं सुरू करू, वर्षभर. माझ्या गोळ्यांनी जंतू अर्धमेले होऊन लपले होते, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. चुकीच्या औषधांवर वर्ष काढायचं आणि तोवर पाय टिकतील का, कुणास ठाऊक.

मी बाईंना जिन्यापाशी गाठलं. "मॅडम, त्याने गोळ्या घेतल्यात. इथे आणेपर्यंत. मीच दिल्या."

वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्यांनी फक्त पेन काढलं आणि गोळीचं नाव विचारलं. मग म्हणाल्या, पायांत ताकद आहे तोवर दहा दिवस सगळी औषधं बंद ठेवू, लपलेले जंतू डोकं वर काढतील, मग पुन्हा सुई घालू. रोज पायांवर लक्ष ठेवायचं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खोलीत येऊन दादाला सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मी काही सांगणार नव्हतो."

"अरे, पाय गेले असते तुझे."

"माझं थोडंफार काम बसूनही होतं. तुझं दुकान बंद झालं असतं."

मी पांघरूण बाजूला करून त्याला अंगठा हलवायला सांगितलं. त्याने हलवला. माझी त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.