सात टाक्यांच्या आड

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी चाकू नाही. माझ्यात एक पातं आहे हे खरं, पण पक्कड आहे, दोन स्क्रूड्रायव्हर आहेत, छोटी कात्री आहे, टोच्या आहे आणि एक कानस आहे, जिचा उपयोग माझ्या मालकिणीनं स्वतःची नखं घासायलाच जास्त केला. एवढा संसार अंगावर वागवणाऱ्याला लोक सरळ चाकू म्हणून मोकळे होतात, याचा मला राग येतो. मी एक जुना, खिशात मावणारा मल्टिटूल आहे. वय वर्षं बावीस.

माझ्या जन्माचं फार कौतुक सांगत नाही. ज्या कारखान्यात मी झालो तिथून माझ्यासारखे रोज शेकडो बाहेर पडत. खरं आयुष्य सुरू झालं ते एका हार्डवेअरच्या दुकानात. शिलाई मशीन दुरुस्त करणारी एक बाई काउंटरवर आली. तिला सगळे मशीनमावशी म्हणत. तिनं मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि दुकानदाराला विचारलं, की हे खिशात घेऊन फिरलं तर चालतं का. दुकानदार म्हणाला, अहो मावशी, असलं कोण विचारतं? पण मावशीचं समाधान झालं नाही. तिनं पैसे दिले आणि मला घेऊन सरळ पोलीस चौकी गाठली.

टेबलामागचा हवालदार आधी दचकलाच. पातं घेऊन आपल्या पायांनी चौकीत आलेली ती पहिलीच बाई असावी. मग त्यानं पट्टी काढून माझं पातं मोजलं आणि समजावून सांगितलं. आमच्याकडचा नियम असा होता, की पातं चार बोटांपेक्षा आखूड हवं, ते स्प्रिंगनं फटकन उघडणारं नको, जवळ बाळगायला कामाचं कारण हवं, आणि जिथं मनाई आहे तिथं नेलेलं चालणार नाही. मी या सगळ्या नियमांत बसलो. माझी छाती फुगली, म्हणजे मला असती तर फुगली असती. जाता जाता हवालदारानं हळूच विचारलं, की घरच्या मशीनचा टाका मधेच सुटतो, काय करावं. मावशी म्हणाली, सुई फिरवून लावली असेल, बायकोला बघायला सांगा. पुढच्या आठवड्यात तो रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं तिला हात जोडले.

तेव्हापासून मी मावशीच्या ॲप्रनच्या पुढच्या खिशात राहायला लागलो. खिसा उघडा, बाहेरून दिसेल असा. लपवायचं नाही हा तिचा दंडक. कुठल्याही फाटकाशी गेली, की समोरच्यानं विचारायच्या आधी ती मला बाहेर काढून ठेवायची आणि म्हणायची, "हे माझं औजार. यात पातं आहे." शाळेत शिवणाच्या वर्गातली मशीनं बघायला गेली, की मी शिपायाच्या टेबलाच्या खणात. तुरुंगातल्या शिलाई विभागात गेली, की मी कुलपाच्या कप्प्यात आणि माझ्याऐवजी तिच्या हातात पितळी बिल्ला. अशा वेळी मी बाहेर बसून कान टवकारून तिच्या चपलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करी. ती यायची, बिल्ला द्यायची, मला खिशात टाकायची आणि वरून एकदा थोपटायची. त्या थोपटण्यासाठी मी दिवसभर वाट बघितली असती.

काम भरपूर होतं. अडकलेला दोरा पक्कडीनं ओढायचा, सुईचा स्क्रू पिळायचा, तुटका पट्टा पात्यानं सरळ कापून पुन्हा जोडायचा. रात्री जेवणाआधी मावशी मला जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसून बिजागरीत मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायची. तोच वास माझ्या अंगाला लागला. मला तो अजून आवडतो.

घरात दोघीच, मावशी आणि तिची लेक. लेक लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी घरभर गरगर फिरायची, म्हणून मावशीनं तिचं नाव ठेवलं बॉबिन. तेच टिकलं. बॉबिनला माझी कात्री आवडायची. मावशी समोर बसून तिला शिकवायची, की पातं स्वतःकडे धरायचं नाही, दुसऱ्याला देताना मिटूनच द्यायचं, आणि शाळेच्या दप्तरात हे कधीच न्यायचं नाही. बॉबिननं एकदाही नेलं नाही. पेन्सिलींची टोकं मात्र तिची सगळ्या वर्गात चांगली असत, कारण ती घरून माझ्याकडून करून जायची.

बॉबिन मोठी झाली, शिकली आणि तिला विमानानं जावं लागेल इतक्या लांब नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी मावशीनं मला पुसून तिच्यासमोर ठेवलं. बॉबिन म्हणाली, आई, मी ऑफिसात बसून काम करणार, मला हे कशाला? तुला रोज लागतं. मावशी म्हणाली, मी दुसरं घेईन. नाही म्हटलं ना, असं म्हणून बॉबिन कपडे भरायला लागली. तिच्या मनात वाईट नव्हतं. आईच्या हातातलं औजार काढून न्यायचं तिला जिवावर आलं होतं. पण मावशीचा चेहरा पडला. मी टेबलावरच होतो, मला दिसलं.

आता ऐका मावशीनं काय केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉबिन आंघोळीला गेली असताना तिनं बॅगेतला लोकरी कोट काढला, डाव्या बाजूचं अस्तर उसवलं, आतून एक खिसा जोडला, मला त्यात ठेवलं आणि वरचं तोंड काळ्या दोऱ्यानं सात टाके घालून शिवून टाकलं. टाके असे, की वरून हात फिरवला तरी कळू नयेत. तिकडे थंडी पडेल, पोर कोट घालेल, अस्तरात काहीतरी टोचेल, उसवून बघेल आणि आईची आठवण काढेल, असा तिचा बेत. नियम तिला ठाऊक होता. पातं विमानात जवळ ठेवता येत नाही, मोठ्या बॅगेतून खाली सामानात जातं. म्हणून तिनं कोट घडी करून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला. फक्त एवढंच, की आयुष्यात पहिल्यांदा ती विचारायच्या आधी बोलली नाही.

विमानतळावर बॉबिन एकटीच गेली. बॅग वजनाला लावली तर जड भरली. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, थोडं काढा. बॉबिननं सगळ्यांत जाड वस्तू बाहेर काढली आणि अंगात घातली. तो कोट. अस्तरात मी. मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

तपासणीच्या यंत्रातून कोट गेला आणि पट्टा थांबला. तिथल्या बाईंनी विचारलं, कोटात काय आहे? बॉबिन म्हणाली, काही नाही. ती खरं तेच बोलत होती. बाईंनी कात्रीनं टाके कापले आणि मला बाहेर काढलं. बॉबिनचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं कापलेले टाके पाहिले. आईचा टाका ती कुठंही ओळखेल. शेवटी तीनदा फिरवून मारलेली गाठ दुसरं कोणी मारत नाही.

आणखी दोघं आले. अस्तरात शिवून पातं कोण नेतं, का नेतं, कोणी दिलं, असे प्रश्न सुरू झाले. बॉबिनला एवढंच सांगायचं होतं, की माझ्या आईनं ठेवलं, मला माहीत नव्हतं. पण तसं सांगितलं तर आईला बोलावतील, आईचं नाव लिहितील, या भीतीनं तिनं ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "माझंच आहे. ठेवलं आणि विसरले." त्यांनी तिचं नाव, पत्ता, सगळं रजिस्टरात लिहून घेतलं, ताकीद दिली आणि हातात पावती ठेवली. तीन महिन्यांच्या आत पावती दाखवून वस्तू नेता येईल, नंतर भंगारात जाईल. जाताना तिनं एकदा हातात घेऊ का म्हणून विचारलं. नाही म्हणाले. ती पळत विमानाकडे गेली आणि मी एका प्लास्टिकच्या खोक्यात पडलो.

त्या खोक्याबद्दल काय सांगू. नखं कापायच्या कात्र्या, एक करवतीचं पातं, बाटलीचं बूच काढायचा एक नकचढा स्क्रू, जो स्वतःला परदेशी समजत होता. सुरुवातीला सगळे सांगत, आमचा माणूस उद्या येईल. मग कोणी बोलेनासं झालं. खिडकीतून ओल यायची. माझ्या बिजागरीतलं तेल सुकलं, पक्कड घट्ट झाली. पक्कडीत एक काळा दोरा अडकून राहिला होता, मावशीच्या टाक्यांतला. तेवढंच काय ते घरचं. मी त्या दोऱ्याकडे बघत दिवस काढले. मला मावशीच्या खिशात जायचं होतं. नाहीतर बॉबिनच्या. कुठल्याही एका खिशात, वरून कोणीतरी थोपटेल अशा.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मावशीनं फोनवर विचारलं होतं, कोट घातलास का, आत काही सापडलं का. बॉबिन म्हणाली, सापडलं, काय गं आई तू. त्यानंतर दर रविवारी मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला, औजार जवळ आहे ना? आणि बॉबिनचं उत्तरही ठरलेलं, आहे ना. मावशी त्या उत्तरावर आठवडा काढायची. तिनं दुसरं औजार घेतलंच नव्हतं. किराणा दुकानातल्या साध्या पक्कडीनं काम रेटत होती.

मग एक दिवस पार्सल आलं. आत तोच कोट आणि चिठ्ठी, अस्तर उसवलंय, शिवून दे. मावशीनं कोट उलटा केला. अस्तर उसवलेलं नव्हतं. कापलेलं होतं, सातही टाके सरळ एका रेषेत. खिशात हात घातला तर पावती. 'कोटाच्या अस्तरातून काढलेली धारदार वस्तू, एक.' खाली तारीख आणि बॉबिनची सही. तीन महिने पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तीन बस बदलून मावशी विमानतळावर आली. मला आधी तिच्या चपला ऐकू आल्या. खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, वस्तूची ओळख सांगा. ती म्हणाली, पातं माझ्या चार बोटांपेक्षा आखूड, कात्रीचा एक कान वाकडा, आणि पक्कडीत काळा दोरा अडकलेला असेल, तो माझा आहे. कारकुनानं मला उचलून पाहिलं आणि दोरा पाहून तो हसला. मावशी हसली नाही.

"त्या रजिस्टरात माझ्या पोरीचं नाव आहे," ती म्हणाली. "हे मी शिवलं होतं. तिला माहीत नव्हतं. तसं मला लिहून द्यायचंय."

कारकून म्हणाला, मावशी, प्रकरण कधीच मिटलंय, गरज नाही. पण ती हटून बसली. शेवटी त्यानं कागद दिला. तिनं खिडकीवर वाकून सावकाश चार ओळी लिहिल्या, सही केली आणि तो कागद बॉबिनच्या नावाच्या पानाला टाचून घेतल्याशिवाय तिथून हलली नाही. मग मला ॲप्रनच्या पुढच्या खिशात टाकलं आणि वरून थोपटलं. तीन महिन्यांनी. मला दुसरं काही नको होतं.

त्या रविवारी संध्याकाळी फोन आला तेव्हा मावशी मला तेल देत बसली होती. फोन टेबलावर उघडा ठेवलेला. तब्येतीचं झालं, कामाचं झालं, तिकडच्या थंडीचं झालं. मावशीनं माझं विचारलंच नाही. शेवटी बॉबिननंच विषय काढला.

"आई, आज औजाराचं नाही विचारलंस?"

"कशाला विचारू?" मावशी म्हणाली. "माझ्या हातात आहे."

बॉबिन रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, पावती मी मुद्दाम खिशात ठेवली होती, तोंडानं सांगवेना. तू इतक्या हौसेनं ठेवलंस, नि मी ते एक दिवसही सांभाळलं नाही. मावशी माझं पातं मिटत म्हणाली, "चूक माझी गं. उघडं द्यायचं ते मी शिवून दिलं. तुला सोबत हवी म्हणून नव्हतं ते, मलाच करमणार नव्हतं. तेवढं तोंडानं म्हणायला हवं होतं." मग दोघी बऱ्याच बोलल्या. ते मी सांगत नाही, ते त्यांचं आहे.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. माझ्यासारखा कोणी तुमच्या घरी असेल तर त्याला कोरडं ठेवा, थेंबभर तेल द्या. वापरायचा तो मोठ्यांना सांगून. कुठं चालतो, कुठं नाही, ते आधी विचारा, आणि फाटकाशी थांबावं लागलं तर आपणहून सांगा. सांगण्यासारखं जे असेल ते शिवून ठेवू नका. तीन महिने खोक्यात पडून मी एवढंच शिकलो.

मावशीनं मला कुरिअरनं पाठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. कोटाला तिनं नवा खिसा लावलाय, उघडा, वर फक्त एक बटण. त्या खिशात बसून, मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटातून मी हे तुम्हांला सांगतोय. इथं गार आहे, अंधार आहे, पण तेलाचा वास येतोय. बॅग वजनाला लावली तेव्हा काउंटरवरची मुलगी काही विचारणार, तेवढ्यात मावशीनं तिच्याकडे बघून सांगून टाकलं.

"बॅगेत औजार आहे. त्यात पातं आहे. माझ्या लेकीचं आहे, तिला द्यायला चाललेय."