चौथा पट

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे आणि मी त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. म्हणजे पेशंटना "बसा, आता होईलच" असं खोटं सांगणं हे माझं काम. पूर्वी ते अधूनमधून सांगावं लागायचं. त्यानं बुद्धिबळ पुन्हा सुरू केल्यापासून दिवसभर तेच सांगते.

शाळेत असताना चांगला खेळायचा, नाही कोण म्हणतं? पुढे दातांच्या मागे लागला आणि पट माळ्यावर गेला. पन्नाशीला आल्यावर एकाएकी त्याला आठवलं, की आपण हुशार होतो. मग काय विचारता! सकाळी कोडी, दुपारी शेवटाच्या डावांचा अभ्यास, संध्याकाळी मोठमोठ्या खेळाडूंचे जुने डाव. एक दिवस खाडा नाही. पेशंटचा जबडा बधिर होईपर्यंत हा आतल्या खोलीत पटावर वाकलेला. एक्स-रे बघायच्या दिव्यावरसुद्धा यानं पटाचं चित्र लावून ठेवलं होतं. एक बाई घाबरून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "अहो, ते आत लावलेत ते माझेच दात का? इतके काळे?"

अभ्यासाला माझी ना नाही. पण याचा खेळ सुधारला आणि जीभ बिघडली. बुद्धिबळाच्या क्लबात जो तो याला अडाणी दिसायला लागला. "नुसती लाकडं सरकवतात," हे याचं ठरलेलं वाक्य. आणि त्या क्लबात सगळ्यात जास्त लाकडं सरकवणारा माणूस म्हणजे माझा नवरा.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेत. बुद्धिबळाचं पुस्तक उघडावं असं त्यांना जन्मात सुचलेलं नाही. प्रत्येक चालीआधी लांबलचक सुस्कारा सोडतात, जणू घोडा यांनाच पाठीवर उचलून न्यायचाय. तरी क्लबाच्या चौघांच्या संघात चौथ्या पटावर हेच बसतात, कारण पाचवा कुणी येतच नव्हता. सामन्याच्या दिवशी मात्र उठल्या उठल्या दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, चक्क गुणगुणतात. एरवी आठवडाभर गादी कुठे संपते आणि हे कुठे सुरू होतात ते कळत नाही. ती जागा गेली तर हा माणूस गादीतून उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि नेमकी तीच जागा माझ्या भावानं मागितली. क्लबाच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "जागा हवी तर डाव जिंका. बरोबरी झाली तर जुनाच राहील."

"बरोबरी?" भाऊ हसला. "भाऊजींशी?"

रविवारी सकाळी डाव लागला. मी गेले, कारण दोन्हीकडची मीच. भाऊ धडाधड चाली करायचा आणि मग छताकडे बघत बसायचा. हे सुस्कारे सोडत राहिले. बघता बघता यांचा उंट गेला, हत्ती गेला, वजीर गेला. शेवटी यांच्याकडे उरला एकटा राजा. भावाकडे राजा, वजीर आणि वर दोन प्यादी.

"भाऊजी, सोडून द्या आता. कशाला उगाच वेळ घालवता?"

"तू खेळ की," हे म्हणाले आणि राजा एक घर सरकवला.

मलाही राग आला. चारचौघांत कशाला शोभा करून घ्यायची? "अहो, उठा ना," मी म्हणाले. उठले नाहीत. माझं ऐकायचं नाही हा यांचा एकमेव नियमित अभ्यास.

भावाला दोन-चार चालींत मात करता आली असती. पण नुसतं जिंकून त्याचं पोट भरणार नव्हतं. त्यानं एक प्यादं पार शेवटच्या ओळीत नेलं. तिथं पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. पटावर त्याचा वजीर होताच, म्हणून हा उठून शेजारच्या टेबलावरचा घेऊन आला आणि येताना आणखी एक खिशात टाकला.

"दोन झाले, भाऊजी. तिसरा करू का?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. यांचे कान लाल झाले. तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नवऱ्याला नावं ठेवायला मी खंबीर आहे, त्यासाठी दुसऱ्या कुणाची गरज नाही, मग तो पाठचा भाऊ का असेना.

यांनी राजा सरकवला. भावानं दुसरंही प्यादं शेवटच्या ओळीत ढकललं, खिशातला वजीर दाणकन ठेवला आणि हाताची घडी घालून मागे रेलला.

हे बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, जरा बघता का? मला चालच नाही."

भावानं पटाकडे पाहिलं आणि त्याच्या हातांची घडी सुटली.

सेक्रेटरीबाई वाकल्या. यांच्या राजाला शह नव्हता, पण हलायला घरही नव्हतं. भोवतालचं प्रत्येक घर त्या वजिरांनीच अडवलं होतं. "शह असता तर मात होती," बाई म्हणाल्या. "शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट. डाव बरोबरीत. संघ आहे तोच."

"याला काय अर्थ आहे? माझे तीन-तीन वजीर आहेत!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू! त्यांना मात्र सांगितलेला नाही, सांगणारही नाही.

भाऊ शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, हे होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"छे रे, मला कुठलं कळतंय?" हे पटावरचे मोहरे गोळा करत म्हणाले. "पण तू शेजारी वजीर आणायला गेलास ना, तेव्हा वाटलं, बसून राहावं. तुला डाव संपवायचाच नव्हता."