डोळे उघडून देणारा

सेक्टर बावीसमधल्या हॉटेलच्या हॉलमध्ये वामनरावांना खुर्चीवर बसवलं, तेव्हा ते चक्क लाजले. फिल्म कंपनीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं लोकांचे चेहरे धुतले, पण स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ कधी आली नव्हती.

"बसा हो वामनराव, रोल वाया जात नाही," गुरुनाथ म्हणाला. तो त्याच मुंबईच्या फिल्म कंपनीचा चंदीगडमधला अधिकारी. बिनफिल्मच्या नव्या कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक पाहून हेड ऑफिसला अहवाल पाठवायचं काम त्याच्याकडे होतं.

बटण दाबलं आणि मिनिटभरात वामनराव टीव्हीवर हसताना दिसले.

"ना डेव्हलपर, ना डार्करूम. साहेब, आपल्या पोटावर पाय आला की हो!"

"चित्र बघा, पडद्यावर मुंग्या पसरल्यासारखं दिसतंय. घाबरू नका."

१९९१चा मार्च होता. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या त्या वर्षांत वामनरावांचं एक काम वाढलं होतं. गोळीबारात माणूस जायचा, घरात त्याचा धड फोटो नसायचा, मग नातेवाईक प्रेताचा फोटो घेऊन लॅबमध्ये यायचे. वामनराव त्याची मोठी प्रिंट काढत आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशने उघडे डोळे रंगवून देत. आधी एकच विचारत, "हसरे होते की रागीट?"

चार दिवसांनी फिल्मची खोकी घेऊन ते लुधियानाच्या बसमध्ये बसले. वाटेत बस अडवली गेली. सात माणसं मारली, त्यांत वामनराव.

तेराव्याच्या आधी त्यांच्या पत्नी वंदनावहिनींनी गुरुनाथला बोलावून घेतलं.

"भावजी, फोटो हवाय. लग्नातला आहे, ओळखपत्रावरचाही तेव्हाचाच. मिशी नाही, डोक्यावर टोपलंभर केस. ही विचारते, हे कोण?"

नऊ वर्षांची उल्का दाराशी उभी होती. "अंकल, पापा जैसे अभी थे ना, वैसी फोटो चाहिए."

गुरुनाथला टीव्ही आठवला. "आहे वहिनी, पक्का आहे! उद्या आणतो." त्याचं सगळं आयुष्य फिल्ममध्ये गेलेलं. एकदा काढलेला फोटो कुठल्यातरी पाकिटात असतोच, एवढंच त्याला ठाऊक होतं.

हॉटेलमध्ये अजून गर्दी होती. लोक खुर्चीवर बसत, स्वतःला टीव्हीवर बघून खिदळत आणि उठून जात. प्रिंट कुणीच मागत नव्हतं.

"सर जी, वो तो उसी शाम मिटा दी," कॅमेऱ्याच्या कंपनीचा माणूस म्हणाला. "एक फ्लॉपी में पचास आती हैं. रोज वही चलती है."

"और निगेटिव?" गुरुनाथने विचारलं, आणि विचारता विचारताच ओशाळला.

"निगेटिव होती ही नहीं, सर."

पोलिसांच्या फोटोग्राफरचे रोल नेहमी या लॅबमध्येच धुवायला येत. त्या बसचा रोलही आला होता आणि वामनरावांच्या टेबलावर तसाच पडून होता. गुरुनाथने तो स्वतः धुतला. पाचव्या चौकटीत वामनराव होते. चेहऱ्याला ओरखडाही नव्हता. डोळे मिटलेले.

त्याने मोठी प्रिंट काढली आणि वामनरावांचा ब्रश हातात घेतला. हे काम त्याने पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. हसरे की रागीट, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. टीव्हीवर दिसलेलं ते हसू आठवून तो डोळे रंगवत राहिला. दोन प्रिंट बिघडल्या. तिसरी त्याने चौकटीत बसवली.

वंदनावहिनींनी फोटो उजेडाकडे धरला. उल्का काचेला बोट लावून म्हणाली, "पापा."

"डोळे तुम्ही रंगवलेत?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"बरे आलेत, भावजी. फक्त ते असं थेट कधी बघत नसत. फोटोला लाजायचे." मग त्यांनी पदराने काच पुसली आणि फोटो भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी गुरुनाथने अहवालाचा फॉर्म पुढे ओढला. 'आपल्या फिल्मला धोका आहे काय?' यापुढे त्याने प्रात्यक्षिकाच्या दिवशीच 'नाही' लिहून ठेवलं होतं. ते खोडून त्याने 'आहे' लिहिलं. खाली शेवटची ओळ होती: 'नमुना छायाचित्र सोबत जोडावे.'

त्यापुढे त्याने लिहिलं, 'एक काढलं होतं. मिळालं नाही.'