सकाळी पळतो, दहानंतर बसतो

डोकं फिरायची वेळ आली होती, राव. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी लॅपटॉप उघडून बसलोय, आणि दिघीच्या घरच्या सर्व्हरवरून माझं डिझाइन येतंय मुंगीच्या पावलांनी. बाराला ते इथल्या दिग्विजय साहेबांना दाखवायचं. दाखवलं तर नोकरी सोडल्यानंतरची पहिली ऑर्डर माझी. नाही तर दुसरा माणूस बाहेर बाकावर बसलेलाच होता.

पेनड्राइव्ह गेटवरच काढून घेतात, म्हणून मीच फुशारकी मारली होती, "घरून दोन मिनिटांत उतरवतो!" सर्व्हर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमध्ये मोठ्या डिस्क घालून मी केलेला डबा. सकाळी आठला भोसरीत थांबून तपासला, तर सुसाट. तेव्हाच फाइल उतरवली असती तर! पण अक्कल गहाण.

नेटवर्कचं काम करणाऱ्या सुजितला फोन लावून रडगाणं सांगितलं. तो म्हणाला,

"जय भीम, भावा. तुझ्याकडचं नेट बघ."

"झकास आहे."

"घरचं?"

"तेही ठणठणीत. चार दिवस हेच चाललंय. सकाळी पळतो, दहानंतर बसतो, संध्याकाळी मी घरी गेलो की पुन्हा पळतो."

"सर्व्हर आहे का कामचुकार हेल्पर? साहेब दिसला की कामाला लागतो! तापलाय का बघ."

लॅपटॉपवरूनच बघितलं. ब्याण्णव डिग्री! तापला की तो आपोआप मंदावतो, हे मला माहीत होतं. पण फक्त दिवसाच कसा तापतो? काही कळेना.

साडेअकराला आईला फोन केला. ती कुजबुजत बोलली.

"आई, सर्व्हरला काय केलंस?"

"काय न्हाई. गोधडीत गुंडाळलाय."

"गोधडीत?"

"हळू बोल! तुझे बाबा नाइट करून आलेत. ते घरघर करतंय, झोप नको व्हय त्यास्नी? सोमवारपासनं ते पडले की गुंडाळते, उठले की काढते."

बाबांची नाइट शिफ्ट असली की आमच्या घरात कुकरलाही शिट्टी मारायची परवानगी नसते. तीस वर्षं आई बोटांवर चालतेय.

"काढ गं, ऑर्डर जाईल माझी."

"आणि झोप मोडली तर? रात्री प्रेस मशीनवर उभं ऱ्हायचंय त्यांना. हात गेला म्हंजे?"

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "चिमा, काढ ती गोधडी. जागाच हाय मी."

"बघ, उठवलंस त्यांना!"

"त्यानं न्हाई उठवलं. सोमवारपासनं डोळाच लागला न्हाई. सारा जन्म मशिनीपाशी गेला, घरघर असली की मला झोप येती. पर तू एवढी जपून फिरती, तुला सांगू कसं? डोळे मिटून पडून ऱ्हायलो."

सोमवारपासून हा माणूस न झोपता रोज रात्री प्रेसवर उभा होता.

फोन तसाच चालू राहिला. गोधडी ओढल्याचा आवाज आला, मग सर्व्हरच्या पंख्याची घरघर. हळूहळू फाइल पळायला लागली. बाराला सात मिनिटं कमी असताना ती पूर्ण उतरली.

"झालं, आई! झालं!" मी कॅन्टीनमध्येच ओरडलो.

"ओरडू नको," आई म्हणाली. "आता खरंच झोपलेत."