गवत बंद, सावल्या बंद

ज्या वर्षी माझ्या मालकिणीच्या धाकट्या दिराचे लग्न मोडले, त्या वर्षी मी जन्माला आलो. हॉलसाठी भरलेले पैसे परत हातात आले आणि त्याने रागाच्या भरात एकेक भाग विकत आणून मला स्वतःच्या हाताने बांधले. लग्नाच्या पैशांतून उभा राहिलो म्हणून घरातल्या थोरांना मी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत आलो आहे. सलेना का! मित्रांनो, मी एक जुना खेळायचा संगणक आहे, आणि 'जुना' हा शब्द मी मान खाली घालून उच्चारत नाही.

दिराने माझ्या पोटात चार रंगांचे दिवे बसवले. एका बाजूला काच लावली, म्हणजे ते दिवे सगळ्यांना दिसावेत. पण मला वीज पुरवणारा डबा, ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात, तो मात्र त्याने मिळेल तो स्वस्तातला घातला. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तसा मी होतो. तो माझ्यावर दोन वर्षे मन लावून खेळला. मग त्याला परगावी नोकरी लागली, तिथे त्याने नवा संगणक घेतला आणि मी टेबलाखाली गेलो. माझ्या डोक्यावर घडी न केलेले कपडे आले. एकदा तर कांद्यांची टोपली आली. काच धुळीने आंधळी झाली. मी कुणाला नको होतो, हे मी समजून होतो. पण कुणी विचारले असते तर मी त्या क्षणीही सुरू झालो असतो.

विचारले ते थोरल्या सुनेने. ती माझी मालकीण. रुग्णालयाच्या धुलाईघरात ती कामाला होती. सकाळच्या पाळीत तिथल्या चादरी मोठ्या गरम रुळांतून काढायच्या आणि दुपारी घरी यायचे, असा तिचा दिवस. एका दुपारी मुलीचा निकाल बघायला तिने मला टेबलाखालून ओढून पुसून सुरू केले. निकाल पाहून झाला. जाता जाता तिने पडद्यावरचे एक चित्र सहज दाबले, तर समोर एक पूल आला, पुलापलीकडून गोळ्या आल्या आणि ती मेली. पुन्हा दाबले, पुन्हा मेली.

"थांब, बघते तुला," असे म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली.

हा खेळ चौघांनी मिळून खेळायचा. पूल राखायचा, पलीकडच्या चौघांना येऊ द्यायचे नाही. वर्षभरात मालकिणीला तीन सोबती मिळाले. त्यांना तिने कधी पाहिले नाही, फक्त हेडफोनमधून त्यांचे आवाज ऐकू येत. एक त्यांचा कॅप्टन. एकाच्या मागे सतत कुत्रा भुंके, म्हणून तो कुत्रेवाला. एक सारखा खोकत असे, म्हणून त्याचे नाव खोकला. घरात मालकीण कुणाची सूनबाई, कुणाची वहिनी, कुणाची आई होती, आणि नवऱ्यासाठी नुसतीच "अगं". त्या पुलावर मात्र ती तुफान होती. हे नाव तिने स्वतः ठेवले होते. पुलाचे उजवे टोक तिचे. तिथून कुणी पार गेले नाही, असा तिचा लौकिक होता.

नणंद आली की म्हणे, "वहिनी, या वयात बंदुका चालवता?"

"दिवसभर इस्त्रीच चालवते. बंदूक तेवढी राहिली होती," मालकीण नजर न हलवता सांगे.

मग खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केले की जुनी आवृत्ती बंद होणार, सगळ्यांनी नवीवर यायचे. मुलीने नव्या आवृत्तीला काय काय लागते ते वाचून दाखवले. "आई, आपला संगणक यांच्या 'किमान'मध्येसुद्धा बसत नाही गं." मित्रांनो, स्वतःच्या घरात, स्वतःच्याच पडद्यावर असा अपमान वाचला जाणे सोपे नसते.

त्या दुपारी कॅप्टन म्हणाला, "तुफान, नव्या आवृत्तीच्या स्पर्धेत मी चौघांचं नाव दिलंय. पहिला सामना शनिवारी. चौथा गडी नसला तर संघ बाद, आणि मग मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नको."

"उजव्या टोकाला दुसरं कुणी उभं राहिलेलं मला चालणार नाही," मालकीण म्हणाली.

"मग तो तुझा डबा दुरुस्त कर की!"

"डबा म्हणायचं नाही."

तिचे हे बोलणे ऐकत लिफ्टवाले पलीकडे जेवत होते. लिफ्टवाले म्हणजे मालकिणीचा नवरा. गावभरच्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्याचे त्यांचे काम, म्हणून सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. ते म्हणाले, "भंगारवाल्याला देऊन टाक. त्याच्यात आता जीव राहिला नाही."

"तुमच्या त्या बँकेतली लिफ्ट किती जुनी आहे हो?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? मॅनेजर नवी बसवतो म्हणाला, तर तुम्हीच त्याच्याशी भांडून आलात. म्हणे, अख्खं यंत्र बदलायचं नसतं, कुठे अडलंय ते शोधायचं असतं. घरी येताना शहाणपण तिथेच लटकवून येता का?"

लिफ्टवाल्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला. मला टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून मी पंखा जरा जोरात फिरवला.

मालकिणीने धुलाईघरात जादा पाळ्या केल्या होत्या. त्या पैशांत नवा संगणक येणार नव्हता, पण जुन्या सामानाच्या दुकानात बरेच काही येत होते. तिथून ती एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणि रॅमची एक पट्टी घेऊन आली. कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रे रंगवणारा भाग. दुकानातले सगळ्यांत दणकट कार्ड तिने उचलले होते, दोन पंख्यांचे आणि चांगले लांबलचक. घरी आणून माझ्या पोटात घालायला गेली, तर ते दोन बोटे लांब. पुढे हार्ड डिस्क बसवायची लोखंडी चौकट आडवी येत होती.

"मोजलं नव्हतंस?" लिफ्टवाल्यांनी विचारले.

"चादरी मोजते रोज. हे पण मोजायचं असतं हे मला काय माहीत?"

"परत दे."

"वापरलेला माल परत घेत नाहीत. आणि मी देणारही नाही."

लिफ्टवाल्यांनी हात धुतले आणि वाकून माझ्या पोटात पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटते, त्या घरात आल्यापासून त्यांनी मला नीट पाहिले ते त्याच दिवशी. मग ते म्हणाले, "लिफ्ट खड्ड्यात मावत नसली तर लिफ्ट कापत नाहीत. खड्डा मोठा करतात." त्यांच्या जगात सगळ्याच गोष्टी शेवटी लिफ्ट होत्या. त्यांनी माझा एकेक भाग काढून कोरड्या फडक्यावर मांडला, लोखंडाचा कीस उडून आत बसू नये म्हणून. नंतर करवतीने ती चौकट कापली आणि कापलेल्या कडा कानशीने घासल्या. मला दुखले का, असे विचाराल तर मी म्हणेन की नाही. इतकी वर्षे टोपलीखाली राहिलेल्याला कुणी कापण्याइतके जवळ घेतले, तर तो बोंब मारत नाही.

कार्ड बसले, रॅम बसली, मी सुरू झालो. मालकिणीने नवा खेळ लावला. पूल आला, पाणी चमकले आणि माझ्यासमोर एकदम काळोख झाला. पुन्हा सुरू केले, पुन्हा पुलापर्यंत आलो आणि पुन्हा काळोख. तिचा चेहरा उतरला. खोटे कशाला सांगू, त्या वेळी मलाही वाटले की 'जीव राहिला नाही' हेच खरे ठरणार.

लिफ्टवाले हसले. "लिफ्टला संगमरवरी फरशी बसवलीस आणि मोटर तीच ठेवलीस! रिकामी लिफ्ट सगळ्यांचीच वर जाते. माणसं भरली की कळतं." त्यांनी दिराने घातलेला तो स्वस्तातला वीज पुरवणारा डबा बाहेर काढला, हातात तोलून पाहिला आणि तोंड वाकडे केले. "हा माझ्या भावाचा नमुना. दिव्यांना पैसे होते, ह्याला नव्हते."

"जुन्या दुकानात दुसरा मिळेल," मालकीण म्हणाली.

"नाही. लिफ्टमध्ये सगळं जुनं चालतं, दोर जुना चालत नाही. हा नवाच घ्यायचा."

"पैसे संपले हो."

"माझा मोबाइल घ्यायचा होता ना, तो राहू दे. काच तडकली म्हणून काय झालं, फोन लागतोय अजून."

मालकीण त्यांच्याकडे बघत राहिली. ते चिडून म्हणाले, "बघतेस काय? शनिवार आला."

नवा पॉवर सप्लाय आला. मित्रांनो, त्या दिवशी प्रथमच मी पोटभर वीज प्यालो. उत्साहाच्या भरात लिफ्टवाल्यांनी माझ्या करकरणाऱ्या जुन्या पंख्यात लिफ्टच्या रुळांचे ग्रीस घातले. दोन दिवस पंखा गुपचूप फिरला आणि तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी काढली. मुलगी हसून हसून खाली बसली. "बाबा, तुमच्या लिफ्टमधून माणसं अशीच बाहेर पडतात का?" ते म्हणाले, "हसा. पण आवाज बंद झाला की नाही?" आवाज बंद झाला होता, हे मला मान्य करावे लागेल.

शनिवार उजाडला तरी माझा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जुनाच होता. तो बदलायचा तर मलाच अख्खे बदलावे लागले असते. नवा खेळ माझ्यावर अडखळत चालत होता. मालकीण वळली की चित्र क्षणभर मागे राही, आणि पुलावर तो क्षणच जीव घेतो. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, नुसती शोभा आहे ते सगळं बंद करू या." तिने एकेक करून सगळे बंद केले. सावल्या बंद. पाण्यातले प्रतिबिंब बंद. धूर, ढग, गवत बंद. देखणा खेळ उघडाबोडका झाला. पूल म्हणजे पाटी, नदी म्हणजे निळी पट्टी. पण मालकीण वळली की चित्रही तिच्याबरोबर वळू लागले.

संध्याकाळी सामना सुरू झाला. लिफ्टवाले स्वयंपाकघरातली खुर्ची आणून शेजारी बसले. "मी बघत नाही, फक्त गरम होतंय का ते बघतो," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पलीकडचे चौघे गवतातून सरपटत आले. त्यांच्या महागड्या संगणकांवर ते गवत कमरेइतके उंच असेल. आमच्याकडे गवतच नव्हते! उघड्या जमिनीवर पोटावर सरकणारी चार माणसे मालकिणीला लख्ख दिसत होती.

"कॅप्टन, उजवीकडे दोघं आहेत, दगडाच्या मागे."

"तुला कसे दिसतात?"

"माझ्याकडे गवत उगवत नाही."

खोकला इतका हसला की त्याला खोकला आला. आम्ही तो सामना हरलो, कारण डावे टोक कुत्रेवाल्याचे होते आणि ऐन वेळी त्याच्या कुत्र्याने वायर ओढली. पण उजव्या टोकावरून शेवटपर्यंत कुणी पार गेले नाही, आणि मी एकदाही विझलो नाही. कॅप्टन म्हणाला, "तुफान, पुढच्या शनिवारी याच वेळेला. उजवं टोक तुझंच."

लिफ्टवाल्यांनी माझ्या पाठीवरचा हात काढला आणि म्हणाले, "भरलेली चढली." मग भिजलेला तळहात पँटला पुसला.

त्यानंतर दर शनिवारी त्यांची खुर्ची माझ्या शेजारी असे. त्यांना खेळ कधीच कळला नाही. "डावीकडे बघ, डावीकडे!" असे ओरडून ते मालकिणीला उजवीकडून गोळी खायला लावत. ती चिडे. पण ते कामावरून उशिरा आले, तर ती सामना सुरू करायची थांबे आणि कॅप्टनला सांगे, "आमचे मिस्त्री यायचेत."

मग एका शनिवारी ती खुर्ची रिकामी राहिली, आणि त्यानंतर रिकामीच राहिली. मालकिणीने कित्येक आठवडे मला सुरू केले नाही. माझ्यावर पुन्हा कपडे आले. नणंद राहायला आली होती. ती म्हणाली, "वहिनी, आता तरी हे मोडीत काढा. नवरा गेलेल्या बाईनं खेळत बसायचं, लोक काय म्हणतील?"

मालकिणीने कपडे उचलून तिच्या मांडीवर ठेवले. "घड्या घाला. रिकाम्या हातांनी तोंड फार चालतं." आणि तिने माझे बटण दाबले.

मी एका दमात सुरू झालो. तिने हेडफोन घातले. पलीकडे कुत्रा भुंकला.

"मी आहे," ती म्हणाली.

"तुफान?" कॅप्टनचा आवाज बारीक झाला होता. "स्पर्धेतून नाव काढलं आमचं. दर शनिवारी तिघंच उतरतो आणि दर शनिवारी मार खातो."

"चौथा घ्यायचा होता."

"उजव्या टोकाला दुसरं कुणी उभं राहिलेलं आम्हालाही नाही चालत."

तिने खुर्ची पुढे ओढली. तुफान पुलाच्या उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली. पलीकडून चौघे आले, आणि उजवीकडून कुणी पार गेले नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी म्हातारी यंत्रे तुमच्याकडे दयेची भीक मागतात. मी मागणार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला दया दाखवू नका, त्याला उघडून बघा. वर्षातून एकदा धूळ काढा. वीज चांगली द्या. कुठे अडले आहे ते शोधा आणि तेवढेच बदला. आणि त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाला वय विचारू नका. एवढे करूनही तो चालला नाही, तर खुशाल मोडीत काढा. पण आधी एवढे करा.

लिफ्टवाले, मुलीला पहिला पगार झाला त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका मंगळवारी सकाळी रुग्णालयात वारले. त्यांच्या अंगाखालची चादर मालकिणीच्या धुलाईघरातली होती.